पोलिस शिपायाची निवड

शहराच्या चौकांत उभा असलेला पोलिस शिपाई हा राज्यसत्तेचा सर्वांत धाकटा नोकर. परंतु सामान्य नागरिकाच्या सर्वांत जवळ तोच असतो. मुख्य प्रधान कोण आहे हें न कळलें तरी गृहस्थाचें कांहीं अडत नाहीं. रात्रीं दार ठोठावणारा शिपाई शुद्धीवर आहे कीं नाहीं, तो लांच खातो कीं नाहीं, यावर मात्र त्याची झोंप अवलंबून असते. दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून ‘चल’ म्हणण्याचा अधिकार ज्याला द्यावयाचा, तो माणूस निवडावा कसा? या प्रश्नाचें एक विचारपूर्वक उत्तर लंडन शहरानें १८२९ सालीं दिलें. त्या उत्तराकडे पाठ फिरविली म्हणजे काय होतें, याचा अनुभव पुढें न्यूयॉर्कनें घेतला.

१८२९ पूर्वींचें लंडन दहा लाखांहून अधिक वस्तीचें होतें. पण त्याच्या रक्षणाची व्यवस्था खेड्याला शोभेल अशी होती. शहराचे चर्चच्या हद्दीप्रमाणें पॅरिश नांवाचे लहान लहान विभाग पडलेले असत. प्रत्येक विभागांतील गृहस्थांनीं पाळीपाळीनें वर्षभर बिनपगारी कॉन्स्टेबल व्हावें, असा जुना रिवाज होता. व्यापारधंदा सोडून चोरांच्या मागें धांवण्याची हौस कोणाला असणार? पुष्कळ जण चार पैसे देऊन बदली माणूस उभा करीत. रात्रीच्या पहाऱ्यावर बहुधा वृद्ध आणि दुबळे लोक नेमले जात. १७४९ च्या सुमारास कादंबरीकार व न्यायाधीश हेन्री फील्डिंग यांनीं बो स्ट्रीटवर चोर पकडणाऱ्यांचें एक लहानसें पथक उभारलें खरें. पण मूठभर माणसांनीं एवढें अफाट शहर कसें राखावें?

तरीहि पगारी पोलिस दल नको, असें म्हणणारे लोक थोडे नव्हते. फ्रान्समधील गुप्त पोलिसांच्या कथा इंग्लंडांत सर्वतोमुखीं होत्या. सरकारचे हेर घरोघर कान लावून बसतील आणि चोरांपासून सुटण्याच्या नादांत स्वातंत्र्य गमावून बसावें लागेल, ही भीति खरी होती. १८२२ सालच्या पार्लमेंटच्या कमिटीनेंहि, पूर्ण कार्यक्षम पोलिस आणि नागरिकांचें स्वातंत्र्य यांचा मेळ बसणें कठीण आहे, असाच अभिप्राय दिला. म्हणून गृहमंत्री सर रॉबर्ट पील यांच्यापुढें दुहेरी कोडें होतें. चोराला धाक वाटावा, पण सज्जनाला वाटूं नये, असा माणूस त्यांना हवा होता.

जून १८२९ मध्यें कायदा मंजूर झाला. दलाची उभारणी पील यांनीं दोघांवर सोंपविली. कर्नल चार्ल्स रोवन हे वॉटर्लूच्या रणांगणावर लढलेले सैनिक. रिचर्ड मेन हे आयर्लंडचे तरुण बॅरिस्टर. शिस्त एकानें लावावी आणि कायद्याची मर्यादा दुसऱ्यानें सांभाळावी, अशी ही जोडी जमली. त्यांनीं उमेदवारांसाठीं घातलेल्या अटी आज साध्या वाटतात. वय ३५ च्या आंत असावें, उंची निदान ५ फूट ७ इंच असावी, शरीर निरोगी असावें, लिहितां-वाचतां यावें आणि वर्तनाबद्दल चांगली साक्ष असावी. पण या यादींत काय नव्हतें, हें पाहण्यासारखें आहे. तींत कुळ नव्हतें, आणि वशिलाहि नव्हता. ज्या काळांत सरकारी जागा म्हणजे बड्या लोकांनीं आपल्या आश्रितांना वाटावयाचा प्रसाद समजला जाई, त्या काळांत हा मोठाच धाडसाचा नियम होता.

पील यांनीं आणखी एक विलक्षण गोष्ट केली. सुपरिंटेंडेंट व इन्स्पेक्टर यांच्या जागांवर सैन्यांतील उच्चपदस्थ ‘जंटलमन’ घेण्याचें त्यांनीं नाकारलें. असे लोक हें काम आपल्या योग्यतेहून हलकें समजतील, असें त्यांनीं आपले मित्र क्रोकर यांना लिहिलें. वरच्या जागा शिपायांतूनच योग्यता पाहून भराव्या, असें धोरण ठरलें. शिपायाचा पगार आठवड्याला २१ शिलिंग. या पगारावर जे आले, त्यांत मजुरांची संख्या सर्वांत मोठी होती. त्याखेरीज जुने सैनिक, घरगडी, चांभार, खाटिक, सुतार, कारकून आणि खलाशीहि होते. त्यांना सैनिकाचा लाल अंगरखा न देतां निळा दिला आणि हातीं बंदूक न देतां लांकडी दंडा दिला. सूचनांच्या पुस्तकांत त्यांना बजावलें होतें कीं, रागावर पूर्ण ताबा ठेवणें याहून पोलिसाला अधिक आवश्यक असा दुसरा गुण नाहीं.

२९ सप्टेंबर १८२९ रोजीं संध्याकाळीं हे नवे शिपाई प्रथमच रस्त्यावर आले. येथून पुढची हकीगत सुरळीत विजयाची असती, तर तिच्यांत शिकण्यासारखें फारसें उरलें नसतें. नोंदवहींत ज्याचा क्रमांक पहिला होता, तो शिपाई दारू प्याल्याबद्दल पहिल्याच दिवशीं बडतर्फ झाला! मे १८३० मध्यें नोकरींत असलेल्या सुमारें २,८०० शिपायांपैकीं चार वर्षांनंतर अवघे ५६२ उरले. कांहीं जण कष्टांना कंटाळून स्वतःच निघून गेले. पुष्कळांना काढून टाकावें लागलें, आणि काढून टाकण्याचें सर्वांत मोठें कारण दारू हेंच होतें. उंची फूटपट्टीनें मोजतां येते, अक्षर कागदावर दिसतें. परंतु थंडीच्या रात्रीं एकट्यानें गस्त घालतांना गुत्त्याच्या उघड्या दाराशीं माणूस कसा वागेल, हें कोणत्याहि प्रशस्तिपत्रांत लिहिलेलें नसतें. निवडीचें काम भरतीच्या दिवशीं संपत नाहीं, तें नोकरीच्या प्रत्येक रात्रीं चालूच असतें, हें रोवन आणि मेन यांनीं ओळखलें. त्यांनीं दोष झांकले नाहींत. चाळण हलवीत राहिले.

या कठोरपणाची किंमत काय होती, हें १८३३ सालीं दिसून आलें. मे महिन्यांत कोल्डबाथ फील्ड्स येथें एक राजकीय सभा मोडतांना दंगल झाली आणि रॉबर्ट कली नांवाचा शिपाई भोसकला जाऊन मरण पावला. मृत्यूची चौकशी करणाऱ्या पंचांनीं हा वध समर्थनीय ठरविला! पोलिसांनीं पूर्वसूचना न देतां सभेवर चाल केली, असें पंचांचें म्हणणें होतें. त्या पंचांचा लोकांनीं जाहीर सत्कार केला. वरिष्ठ न्यायालयानें तो निर्णय पुढें रद्द केला. पण लोकमत किती विरुद्ध होतें, हें त्यावरून उघड झालें. अशा लोकांचा विश्वास कायद्याच्या एका कलमानें मिळावयाचा नव्हता. तो शिपायांच्या वर्तनानेंच, थेंबाथेंबानें मिळावयाचा होता. १८५१ च्या महाप्रदर्शनास साठ लाखांवर भेटी झाल्या आणि बंदोबस्त निर्विघ्न पार पडला, तेव्हां कालचा तिरस्कृत शिपाई लोकांना आपलासा वाटूं लागला होता.

लंडनची ही कीर्ति अटलांटिकपलीकडे गेली. न्यूयॉर्कनेंहि १८४५ सालीं पगारी पोलिस दल उभारलें. दलाचा सांगाडा लंडनकडे पाहून घेतला, पण निवडीचें तत्त्व मात्र घेतलें नाहीं. वॉर्डांतून निवडून आलेल्या सभासदानें नांव सुचवावें, मेयरनें नेमणूक करावी आणि ती एकच वर्ष टिकावी, अशी तेथील पद्धति. लोकांचा शिपाई लोकांच्या प्रतिनिधीनें निवडावा, यांत वरवर पाहतां गैर तें काय? पण फळ असें आलें कीं, शिपाई शहराचा न राहतां पक्षाचा झाला. नेमणुकीची मुदत पुढें वाढली, तरी ही संवय गेली नाहीं. १८९४ सालीं लेक्सो कमिटीपुढें जी साक्ष झाली, तिच्यांत शिपायाच्या जागेला सुमारें ३०० डॉलर मोजावे लागतात असें निघालें. एका कॅप्टननें तर आपल्या जागेसाठीं १५,००० डॉलर दिल्याचें कबूल केलें. जो जागा विकत घेतो, तो आपलें भांडवल जुगाराच्या अड्ड्यांतून आणि गरीब दुकानदाराच्या गल्ल्यांतून व्याजासह वसूल करणारच.

१८९५ सालीं, पुढें अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट, तेथील पोलिस मंडळाचे अध्यक्ष झाले. त्यांनीं वशिल्याऐवजीं शारीरिक व लेखी परीक्षा कसोशीनें घेण्यास प्रारंभ केला. शिपायाला इतिहास-भूगोल कशाला हवा, अशी थट्टाहि झाली. राफेल नांवाच्या एका ज्यू तरुणानें आगींतून बायकामुलांना वाचविल्याचें कळतांच रूझवेल्ट यांनीं त्याला बोलावून घेतलें. पण त्याच्याहि हातीं नेमणुकीचा कागद दिला नाहीं. परीक्षेला बसण्यास सांगितलें. तो उत्तीर्ण झाला, आणि मग शिपाई झाला. शूराचाहि वशिला नको, ही खरी कसोटी होय. परंतु १८९७ सालीं रूझवेल्ट गेले. पुढील वर्षीं नगराचा कारभार पुन्हा टॅमनी हॉल या राजकीय टोळीच्या हातीं पडला आणि पोलिस खात्याचे जुने रंग परत दिसूं लागले.

या दोन शहरांच्या कथेंतून एक गोष्ट स्पष्ट होते. लंडनला प्रारंभीं मिळालेलीं माणसें कांहीं देवमाणसें नव्हतीं. न्यूयॉर्कचीं माणसेंहि जन्मतः दुष्ट नव्हतीं. दोन्हींकडे आले ते मजूर, कारागीर आणि पोटासाठीं नोकरी शोधणारे लोकच. अंतर पडलें तें दाराशीं. एका शहरांत शिपाई आंत आला तो कोणाचा मिंधा होऊन नव्हे, आणि चुकला तर त्याला पाठीशीं घालणारा कोणी नव्हता. दुसऱ्या शहरांत तो दाराशींच कोणाचा तरी ऋणी झाला, आणि तें ऋण त्यानें नागरिकांच्या खिशांतून फेडलें. चोरांपासून शहराचें रक्षण पोलिस करितो हें खरें; पण पोलिस होण्याच्या दाराचें रक्षण नागरिकांनाच करावें लागतें, आणि त्या पहाऱ्यावर बदली माणूस उभा करून चालत नाहीं.