तमाशाच्या फडातील मॅनेजर

तमाशाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांनी शाहीर, सोंगाड्या आणि नर्तकी यांची दखल घेतली. परंतु ज्याच्या वहीवर संपूर्ण फडाचा हंगाम उभा असे, तो मॅनेजर या इतिहासात क्वचितच दिसतो. ढोलकी फडाचा तमाशा, म्हणजे गण, गवळण, बतावणी आणि वग या क्रमाने रात्रभर चालणारा खेळ, हा कलाप्रकार असला तरी त्याचा व्यवहार फिरत्या कारखान्याचा होता, आणि तो चालवण्याचे काम फडमालकाइतकेच या पडद्यामागच्या माणसावर पडत असे.

या व्यवहाराची बाजारपेठ पुणे जिल्ह्यातील नारायणगावी भरते. गुढीपाडव्याच्या सुमारास फडांचे मॅनेजर तेथे राहुट्या, म्हणजे तात्पुरती कार्यालये, टाकून बसतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले तेथे येऊन सुपारी ठरवतात. सुपारी म्हणजे ठरावीक रकमेवर केलेला खेळाचा करार; तिचा दर फडाच्या नावावर ठरतो तितकाच तिथीवरही ठरतो, कारण चैत्र पौर्णिमेला असंख्य गावांच्या यात्रा एकाच वेळी येतात आणि फड मात्र एकाच ठिकाणी नाचू शकतो. रात्रीचा खेळ, सकाळची हजेरी (म्हणजे यात्रेतील दुसऱ्या दिवशीचा छोटा खेळ) आणि त्यानंतर पुढच्या गावचा रस्ता हे गणित जुळवताना मॅनेजरला ट्रकची चाल आणि कलावंतांची झोप या दोन्हींचा हिशेब धरावा लागे. झोपेचा हिशेब बहुधा चुकत असे.

मराठवाड्यात व्यवहाराचा दुसरा प्रकारही रुजला. या भागातील मोठ्या यात्रांपैकी नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा तमाशासाठी प्रसिद्ध आहे. अशा ठिकाणी तंबू ठोकून तिकिटावर खेळ लावला जातो. सुपारीत धोका गावकऱ्यांचा असतो, तिकिटाच्या खेळात तो फडाचा होतो, आणि अवकाळी पावसाची एक सर आठवड्याची कमाई धुऊन नेते.

मॅनेजरच्या वहीतील सर्वांत अवघड पान मात्र उचलीचे असे. पावसाळ्यात फड बंद राहत, तेव्हा कलावंत पुढील हंगामाच्या बोलीवर आगाऊ रक्कम घेत. तिलाच उचल म्हणतात. ती हंगामात कामातून फिटे, किंवा फिटत नसे, आणि मग कलावंताला दुसऱ्या फडात जायचे झाल्यास नव्या मालकाने जुने देणे चुकते करावे लागे. ही व्यवस्था उपासमारीपासून वाचवणारी होती हे खरे, पण ती माणसाला बांधूनही ठेवत होती. शिवाय उचलीसाठी फडमालक स्वतः सावकाराकडून व्याजाने पैसे आणत असल्याने मालक व कलावंत हे दोघेही एकाच कर्जाच्या साखळीत असत. कांताबाई सातारकरांसारख्या कलावंतिणी जेव्हा स्वतःचा फड उभा करत, तेव्हा रंगमंचावरील यशासोबत ही साखळीही त्यांच्या अंगावर येई.

शहरात हे काम थिएटरमालक करीत. मुंबईत लालबागच्या हनुमान थिएटरचे मधुकर नेराळे स्वतः गायक-कलावंत असल्याने त्यांना फडाची नड आतून ठाऊक होती. तेथील प्रेक्षक मुख्यतः गिरणी कामगार होता, आणि १९८२ च्या संपानंतर तो पांगला.

गावाकडची साखळी एकदम तुटली ती २०२० साली. टाळेबंदीचा पहिला दिवस, २५ मार्च, हाच त्या वर्षीचा गुढीपाडवा होता. उचल आधीच वाटून झाली होती, यात्रा मात्र भरल्याच नाहीत.