वईतली खुर्ची

वेल्समधल्या जुन्या शेतघरातली खुर्ची नीट पाहिली, तर पहिली शंका येते ती हात टेकायच्या लाकडावर. उजवीकडचा बाक डावीकडच्याहून थोडा जास्त, एक टोक बोटभर पुढे आलेलं. सुताराचं माप चुकलं असं वाटतं. माप चुकलेलं नसतं, फांदीच तशी वाढलेली असते.

या खुर्चीला ‘वेल्श स्टिक चेअर’ म्हणतात. बसायची जागा म्हणजे एक जाडजूड फळी. तिच्यात खालून पाय ठोकलेले आणि वरून काठ्या. पाय आणि पाठ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. नेहमीच्या लाकडी खुर्चीत मागचे दोन पायच वर जाऊन पाठीचे खांब होतात, त्यामुळे तिथे चौकट काटकोनात बसवणारा पक्का सुतार लागतो. इथे कुऱ्हाड, गिरमिट, वाकस आणि दोन्ही हातांनी ओढायची सुरी असली की भागतं. पाय बहुधा कातलेले नसतात, सुरीने सोलून आठ पैलू पाडलेले असतात. काठ्याही तशाच, मध्ये जरा फुगीर, टोकांना निमुळत्या. त्यातल्या दोन काठ्या तंतोतंत सारख्या सापडणार नाहीत.

हातांचं अर्धगोल लाकूड मिळायचं शेताच्या वईतून. आपल्याकडे नांगरासाठी बाभळीचा नेमका वाकलेला फाटा आधीपासून हेरून ठेवत, तसाच अ‍ॅश किंवा ओकचा बाकदार फाटा तिथला शेतकरी हिवाळ्यात वई साळताना बाजूला काढून ठेवी. एवढा बाक एका फांदीत मिळाला नाही तर दोन-तीन तुकडे एकावर एक चढवून जोडायचे. लाकूड वाफवून वाकवण्याच्या भानगडीत कोणी फारसं पडत नसे. पुष्कळ खुर्च्यांना पाय तीनच, कारण घरात मातीची किंवा ओबडधोबड दगडांची जमीन. चार पायांची खुर्ची तिथे डुगडुगते, तीन पायांची कधीच नाही. ओलीमुळे पायांची खालची टोकं कुजत, आणि कुजलेला भाग कापला की खुर्ची आणखी ठेंगणी होई.

आज दिसतात त्या जुन्या खुर्च्या मुख्यतः अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या आहेत. बहुतेकींवर कारागिराचं नाव नाही, साल नाही. मग त्यांचा माग काढायचा कसा?

एक वाट राजदरबाराकडे जाते आणि ती मोहात पाडणारी आहे. हवेल दा हा दहाव्या शतकातला वेल्श राजा. त्याच्या नावाने चालणाऱ्या कायद्यांत दरबारच्या मुख्य कवीचं वर्णन ‘खुर्ची जिंकलेला’ असं येतं. 1176च्या नाताळात लॉर्ड ऱ्हीस या वेल्श राज्यकर्त्याने कार्डिगनच्या किल्ल्यात कवींची आणि वादकांची स्पर्धा भरवली, तेव्हा विजेत्यांना बक्षीस म्हणून खुर्च्याच दिल्या. आपल्याकडे खुर्चीसाठी पुढारी भांडतात, वेल्समध्ये कवी! आयस्तेद्वोद या राष्ट्रीय काव्यमेळ्यात आजही छंदोबद्ध दीर्घकवितेला खुर्ची मिळते. 1917 साली हा मेळा बर्कनहेडला भरला होता. विजेत्याचं टोपणनाव पुकारलं गेलं, पण मंचावर कोणीच आलं नाही. तो कवी, हेद विन नावाने लिहिणारा एक मेंढपाळ, 31 जुलैला, पहिल्या महायुद्धात, फ्लँडर्सच्या लढाईत मारला गेला होता. खुर्चीवर काळं कापड घातलं गेलं आणि तेव्हापासून ती ‘काळी खुर्ची’ झाली. वेल्सची ही सर्वात प्रसिद्ध खुर्ची कोरली होती यूजीन व्हानफ्लेटेरन या बेल्जियन निर्वासिताने. ज्या देशातल्या अस्सल खुर्च्या निनावी राहिल्या, त्याच्या सर्वात नावाजलेल्या खुर्चीचा कर्ता मात्र नावानिशी ठाऊक आहे, आणि तो परका आहे.

ही गोष्ट हृदयाला भिडते, पण शेतघरातल्या खुर्चीचा वंश त्यातून उलगडत नाही. दरबाराच्या आणि मेळ्याच्या खुर्च्या मानाच्या, कोरीव, भारदस्त. आपल्या खुर्चीचे आजे-पणजे मला दिसतात ते गोठ्यात आणि गाडीखान्यात. धारा काढायला बसायचं तीन पायांचं स्टूल घ्या. फळी रुंद करून वर काठ्या ठोकल्या की निम्मी खुर्ची झाली. उरलेलं गाडीचं चाक शिकवतं. ब्रिटनमधल्या गाडीच्या चाकाचा नेम नव्हे, पण रिवाज ठरलेला होता: तुंबा एल्मचा, आरे ओकचे, परीघ अ‍ॅशचा. एल्मचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून तुंब्याला चहूबाजूंनी भोकं पाडली तरी तो फाटत नाही. खुर्चीच्या फळीलाही हाच गुण हवा. पंधरा-वीस भोकं, तीही काठाजवळ आणि तिरपी. आरा तुंब्यात ठोकणाऱ्या हाताला पाय फळीत ठोकायला वेगळं काय शिकायचं?

ते ठोकणं जवळून पाहण्यासारखं असतं. पायाचं टोक निमुळतं करून भोकातून वर काढतात, टोकाला आधीच चीर दिलेली असते. मग वरून त्या चिरेत पाचर मारायची, पण फळीच्या धाग्यांना आडवी. धाग्यांच्या दिशेने मारली तर फळीच उकलायची. पाय वाळलेला घेतात, फळी किंचित ओलसर चालते. पुढे ती सुकून आकसते आणि पायाला आवळून धरते. सरस नसला तरी सांधा वर्षानुवर्षं टिकतो तो यामुळेच.

इंग्लंडमध्ये याच बांधणीची बहीण होती विंडसर खुर्ची. तिचा धंदा झाला. हाय विकमच्या आसपासच्या बीचच्या रानात कातारी नुसते पाय कातून देत, दुसरा फळी खोलगट करी, तिसरा वाफेवर पाठ वाकवी. 1875च्या सुमारास त्या गावात दिवसाला सुमारे 4,700 खुर्च्या होत. वेल्समध्ये खुर्ची करणारा बहुधा एकच माणूस, आणि गरज असली तरच. कारखान्यातली स्वस्त खुर्ची बाजारात आल्यावर ती गरज संपली. जुन्या खुर्च्या परसात गेल्या, चुलीत गेल्या, आणि काही कार्डिफजवळच्या सेंट फॅगन्स संग्रहालयात पोचल्या. हे संग्रहालय 1948 साली उघडलं. यॉर्वर्थ पीट त्याचे पहिले प्रमुख, सुतारांच्या घराण्यातले. शेतकऱ्याचं सामान जपण्याजोगं आहे हे त्यांना पटवून द्यावं लागलं नसावं.

ही वेल्श खुर्ची पुन्हा घडवायला लावली जॉन ब्राउन या कारागिराने. त्यांनी पेम्ब्रोकशरमध्ये हातहत्यारांनी या खुर्च्या केल्या आणि 1990 साली ‘वेल्श स्टिक चेअर्स’ हे छोटं पुस्तक काढलं. ही विंडसरची गावंढळ बहीण आहे, हे त्यांना मुळीच मान्य नव्हतं. पुस्तक अमेरिकेत पोचलं, तिथे नवे हात तयार झाले. मला मौज वाटते ती नवी अडचण पाहून. लाकडाच्या वखारीत फळ्या मिळतात त्या सरळ, बाकदार फांदी कोणी विकत नाही. म्हणून काही अमेरिकी कारागीर कारखान्यातून खास लाकूड मागवतात. ते वाफवून, यंत्राने लांबीच्या दिशेने दाबून आणलेलं असतं आणि मग थंडपणीही हवं तसं वाकतं. त्याला दाम चांगलाच मोजावा लागतो.