को-ऑपरेशन आणि कॉर्पोरेशन: नीराकाठच्या ऊसजमिनीचे दोन मालक

‘को-ऑपरेशन’ आणि ‘कॉर्पोरेशन’ हे इंग्रजी शब्द मराठी कानाला सारखेच वाटत असले, तरी अकलूज परिसरातील ऊसजमिनीच्या इतिहासात त्यांच्यातील अंतर शेतकऱ्यांना अनेक दशके सोसावे लागले. सहकारी संस्थेत सभासदच मालक असतात आणि भाग कितीही असले तरी प्रत्येकाला एकच मत असते. कॉर्पोरेशन म्हणजे महामंडळ ही मात्र कायद्याने निर्माण केलेली स्वतंत्र व्यक्ती असून, ते सरकारी असेल तर सत्ता सरकारच्याच हाती राहते.

भाटघरचे लॉइड धरण 1928 मध्ये पूर्ण झाले, नीरेच्या उजव्या कालव्याचे पाणी माळशिरस तालुक्यात खेळू लागले आणि 1932 मध्ये देशी साखरेला जकातीचे संरक्षण मिळाले, तेव्हा या भागात कारखानदारी आली. सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी माळीनगरला काढलेला कारखाना कंपनी कायद्याखालचा होता; वृत्तीने सहकारी आणि रूपाने कंपनी असे हे उदाहरण वरील व्याख्येत नीट बसत नाही, आणि म्हणूनच ते मोलाचे आहे. नदीपलीकडे वालचंदनगरसारख्या खाजगी कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने, म्हणजे ठरावीक वार्षिक मोबदल्यावर घेऊन मोठमोठे मळे उभे केले. जमीन देणारे हे शेतकरी पुढे ‘खंडकरी’ म्हणून ओळखले गेले.

महाराष्ट्राचा सहकारी संस्था कायदा आणि कमाल शेतजमीन धारणा कायदा हे दोन्ही 26 जानेवारी 1962 रोजीच अमलात आले, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. धारणा कायद्याच्या कलम 28 नुसार कारखान्यांची अतिरिक्त जमीन मुळात संयुक्त शेती संस्थांना, आणि त्यांत पूर्वी खंडाने जमीन दिलेल्यांना व शेतमजुरांना सामावून, द्यायची होती. अशा संस्था उभ्या राहीपर्यंत मर्यादित मुदतीपुरती ती सरकारी मळ्यांनी किंवा महामंडळाने कसावी, अशी तरतूद होती. त्यानुसार 1963 मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झाले आणि जी व्यवस्था तात्पुरती म्हणून आली तीच कायम होऊन बसली.

याउलट शंकरराव मोहिते-पाटील यांच्या पुढाकाराने अकलूजला उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना सभासदांच्याच शेतांतील उसावर चालत असल्याने त्याला स्वतःच्या मोठ्या मळ्यांची गरज नव्हती आणि सभासदाची जमीन सभासदाच्याच नावावर राहिली. ज्यांची जमीन कंपनीकडून महामंडळाकडे गेली, त्या खंडकऱ्यांचा लढा मात्र दोन पिढ्या चालला आणि प्रत्यक्ष जमीनवाटपाला एकविसाव्या शतकाचे दुसरे दशक उजाडावे लागले.