आधी वर्ग, मग मंच

"गाण्यांनी कुठे क्रांती होते का?" हा प्रश्न आम्हाला आपल्याच कार्यकर्त्यांकडून ऐकावा लागतो. त्यांनी लंडनच्या एशियन डब फाउंडेशनचा इतिहास जरूर पाहावा.

हा बँड १९९३ साली जन्मला तो वर्गात. 'कम्युनिटी म्युझिक' ही संस्था तरुणांना संगीताचं तंत्र शिकवायची. तिथले शिक्षक अनिरुद्ध दास, युवकांत काम करणारे जॉन पंडित आणि विद्यार्थी दीदार झमान एकत्र आले. ड्रम अँड बेस हे मुळात ब्रिटनमधल्या काळ्या तरुणांनी घडवलेलं संगीत. त्यात चंद्रसोनिकच्या गिटारने पंक रॉकची आग ओतली. (गडी सगळ्या तारा एकाच सुरात लावून वाजवायचा!)

पण आम्हाला मोलाचं वाटतं ते सतपाल राम प्रकरण. १९८६ मध्ये बर्मिंगहॅमच्या एका रेस्टॉरंटमध्ये झटापट झाली, समोरचा मेला. वर्णद्वेषी हल्ल्यातून जीव वाचवला, हे सतपाल यांचं म्हणणं कोर्टाने मानलं नाही, जन्मठेप झाली. पुढे पॅरोल बोर्डाने सुटकेची शिफारस केली, तीही गृहमंत्र्यांनी फेटाळली. बाहेर सुटकेची मोहीम चालू होती. १९९८ च्या 'रफीज् रिव्हेंज' अल्बममध्ये बँडने तीच मागणी गाण्यात मांडली आणि हातात पत्रक न धरणाऱ्या पोरांपर्यंत ते नाव नेलं. २००२ मध्ये सतपाल राम सुटले.

गाण्याने तुरुंग फोडला, असं आम्ही म्हणत नाही. मोहीम होती म्हणून गाण्याला धार होती. त्याच अल्बमला मर्क्युरी पुरस्काराचं नामांकन मिळालं. नाव झाल्यावर या मंडळींनी काय केलं? 'एडीएफईडी' नावाने स्वतःचे वर्ग काढले आणि नव्या पोरांना शिकवायला बसले.