परळची महाधमनी, जपानची बुरशी

1972 मध्ये 101 रुग्णांच्या अभ्यासावर बेतलेला एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. विषय होता हृदयातून निघून पोटात उतरणाऱ्या महाधमनीचा दाह. लेखक परळच्या केईएम रुग्णालयातले: प्रफुल्लकुमार सेन, एस. जी. किनरे, एम. डी. केळकर आणि जी. बी. पारुळकर. याच सेनांनी 1968 मध्ये भारतातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं. त्या शस्त्रक्रियेचा गाजावाजा झाला. ग्रंथामागची वर्षानुवर्षांची चिकाटी मात्र डॉक्टरांच्या वर्तुळाबाहेर फारशी पोचलीच नाही.

पाश्चात्त्य पुस्तकांत पोटातल्या महाधमनीचा फुगवटा हा साठी ओलांडलेल्या, सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा आजार. परळला दिसत होतं ते वेगळं. तरुण रुग्ण, त्यांत अनेक स्त्रिया. धमनीच्या भिंतीला सूज येई. मग ती कुठे आवळे, कुठे फुगे. मिकिटो ताकायासू या जपानी नेत्रतज्ज्ञाने 1908 मध्ये एका तरुणीच्या डोळ्यात या आजाराच्या खुणा टिपल्या होत्या. क्षयाशी त्याचं नातं असावं, ही शंका भारतीय डॉक्टरांनी दीर्घकाळ बाळगली.

फुगवट्यावर ज्याची आशा धरली गेली, ते कोलेस्टेरॉलवरचं औषधही जपानमधूनच आलं. सांक्यो कंपनीत अकिरा एंडो यांनी सहा हजारांवर सूक्ष्मजीव तपासले आणि 1973 मध्ये तांदळावरच्या बुरशीत यकृताचं कोलेस्टेरॉल बनवणं रोखणारा पदार्थ त्यांना सापडला. त्या जातीचं, म्हणजे स्टॅटिन गटातलं, पहिलं औषध, लोव्हास्टॅटिन, अमेरिकेत 1987 मध्ये मंजूर झालं. भारतात 1970 च्या कायद्याने औषधाच्या रेणूला नव्हे, फक्त बनवण्याच्या पद्धतीला पेटंट मिळे. त्यामुळे इथल्या कंपन्यांनी स्टॅटिन स्वस्तात बाजारात आणली.

ही गोळी फुगवटा वाढण्यापासून थोपवते का? ती सूजही कमी करते, म्हणून आशा रास्त होती. गोळी घेणाऱ्यांचा फुगवटा हळू वाढतो, असं अनेक निरीक्षणांत दिसलं. पण चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडणारी, शंका मिटवणारी चाचणी झालेली नाही. ती करणंही अवघड: अशा रुग्णांना हृदयविकाराचा धोका मोठा, त्यांना स्टॅटिनपासून दूर ठेवायचं कसं? आणि या अभ्यासांतले रुग्ण बहुतेक म्हातारे पाश्चात्त्य पुरुष. परळच्या तरुणींच्या आजाराला त्यांचे निष्कर्ष लावता येत नाहीत; तिथे मुख्य उपचार सूज दाबणाऱ्या स्टिरॉइडचा.

इंदापूर तालुक्यातल्या शेळगावसारख्या गावातून माणूस मुतखड्याच्या कळांसाठी सोनोग्राफीला जातो, तेव्हाच पोटातल्या महाधमनीचा फुगवटा अवचित दिसू शकतो. ब्रिटनमध्ये 65 व्या वर्षी पुरुषांना या तपासणीसाठी बोलावतात. आपल्याकडे तशी योजना नाही आणि सोनोग्राफीचं यंत्र गावोगाव फिरवणंही सोपं नाही. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी, 1988 मध्ये केला. 1994 मध्ये तो देशभरासाठी आला; यंत्र हवं तिथे नेण्यावरची बंधनं त्यातूनच येतात. मुलींच्या जिवासाठी ही बंधनं हवीतच. मात्र जिथे यंत्र आहे तिथे, विडी-सिगारेट ओढणाऱ्या साठीपुढच्या पुरुषाच्या पोटाची सोनोग्राफी होत असताना महाधमनीही मोजायला हवी. साधारण दोन सेंटिमीटरची ही वाहिनी तीनवर गेली की फुगवटा म्हणतात. पुरुषांत साडेपाचला शस्त्रक्रियेचा विचार होतो. त्याआधी धूम्रपान बंद, रक्तदाब ताब्यात, ठरावीक काळाने मोजणी, आणि हृदयाच्या रक्षणासाठी स्टॅटिन.