होकायंत्र आणि खडक

हडपसरला समुद्र नाही. आमच्या वर्गात होकायंत्र येते ते उपमेच्या रूपाने. अमुक ग्रंथ समाजाला होकायंत्राप्रमाणे दिशा दाखवतो, असे विद्यार्थी लिहितात. आणि खरे तर आम्हीच त्यांना ते शिकवलेले असते. कोकणकिनाऱ्यावरील नौकानयनाचा इतिहास वाचू लागल्यावर ही उपमा आम्हाला अपुरी वाटू लागली.

गलबताचे तोंड उत्तरेकडे आहे एवढे कळल्याने तांडेल वाचत नाही. प्रवाह आणि पश्चिमेचा वारा गलबताला तोंड न वळवता खडकावर नेऊ शकतात. म्हणून यंत्रातून पाहायचे ते किनाऱ्यावरच्या खुणेकडे. खांदेरीचे दीपगृह 1867 चे, मुंबईच्या तोंडाशी प्राँग्ज खडकांवरचे 1875 चे. रात्रीचा उजेड एवढाच त्यांचा उपयोग नव्हता; दिशाकोन मोजायला ती स्थिर खूण होती. समजा, गलबत दक्षिणेकडून येत आहे, पाण्याखालचा खडक उजवीकडे आहे आणि त्याच्या पलीकडे उत्तरेला दीपगृह आहे. नकाशावर खडकाला समुद्राच्या बाजूने मोकळे सोडून दीपगृहापर्यंत रेषा ओढायची. ती 10 अंशांची निघाली, तर दीपगृह 10 किंवा अधिक अंशांवर दिसते तोवर पाणी निर्धोक. कोन 8 वर उतरला की आपण खडकाकडे ढकलले जात आहोत. येथे यंत्र कुठे जावे हे सांगत नाही. कुठे जाऊ नये, एवढेच सांगते.

पण सुईही सर्वस्वी सत्यवचनी नसते. जवळच्या लोखंडाने ती भुलते, शिवाय चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतले अंतर काळागणिक बदलते. ते मोजण्यासाठी कुलाब्याच्या वेधशाळेत 1841 पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी नोंदी बिघडणार, हे ओळखून नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत 1904 साली हे काम अलिबागला हलवण्यात आले. तेथील इमारत पोरबंदरी दगडाची, लोखंड टाळून बांधलेली. एका सुईच्या खरेपणासाठी एवढी दक्षता!

अर्थात खूण दिसली तरच कोन मोजता येतो. आषाढातल्या पावसात दीपगृहही दिसेनासे होते. 17 जुलै 1947 रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ती खडकावर आपटली नव्हती. वादळी लाटेने कलंडली होती. अशा लाटेपुढे दिशाकोनाचा काही उपयोग नव्हता.