तेवीस तास

ही हकिगत माझ्या भाचीची आहे. गाव कळंब तालुक्यातलं, नाव लिहीत नाही. तिचंही लिहीत नाही. लिहायची परवानगी तिनंच दिली, फक्त एक अट घातली: "आत्या, तुझं चुकलं तेही लिही." तिच्याकडून, वहिनीकडून आणि गावातल्या दोन पोरांकडून विचारून विचारून मी नंतर हा तासांचा हिशेब जुळवला. ज्या वेळी जुळवायला हवा होता, त्या वेळी कुणीच जुळवला नाही.

रविवार, 20 ऑक्टोबर 2024, रात्री 9.10. उरले तेवीस तास.

जेवणं उरकली होती. सोयाबीनची रास झालेली, कट्टे ओसरीत थप्पी लावून ठेवलेले. भाची बारावी सायन्सला, वय साडेसतरा. तिच्या मैत्रिणीचा मेसेज आला: "ही तूच का गं?" सोबत इन्स्टाग्रामवरच्या एका खात्याचा फोटो. नाव तिचं, आडनाव तिचं, फोटोही तिचाच. गॅदरिंगमध्ये कोळीनृत्य केलं होतं, तेव्हाचा. त्याखाली तिचा मोबाइल नंबर आणि एक ओळ. ती ओळ मी इथे लिहिणार नाही.

9.40.

अनोळखी नंबरांवरून अर्ध्या तासात चार फोन. पहिला तिनं उचलला. पलीकडच्या माणसानं भाव विचारला. तिनं फोन कापला आणि आवाज बंद करून उशीखाली ठेवला. वर्गातल्या कुणीतरी चेष्टा केली असेल, उद्या कळेल, असं तिनं मनाला सांगितलं.

इथे जरा थांबते, कारण पहिली गफलत इथेच होते. चेष्टा करणारा आपल्याला माहीत असतो, आणि "बास झालं" म्हटलं की बहुतेक वेळा थांबतो. इथे करणाऱ्यानं तोंड लपवलं होतं, आणि नंबर टाकून परक्या माणसांना तिच्या दारात बोलावलं होतं. याला चेष्टा म्हणत नाहीत. हा छळ आहे, आणि तो पहिल्या अर्ध्या तासातच ओळखू येतो. पण पोरी स्वतःलाच समजावत बसतात की एवढं काही नसेल. घरात सांगायची वेळ येऊ नये म्हणून समजावतात.

10.30.

त्याच खात्यावरून मेसेज: खरा फोटो पाठव, नाहीतर हे सगळं तुझ्या बापाच्या ग्रुपवर टाकतो. तिनं उत्तर दिलं. हात जोडल्याचं चित्र पाठवलं. दादा, प्लीज, डिलीट करा ना. तासाभरात तिनं सतरा वेळा "प्लीज" लिहिलं, हे तिनंच मोजून मला सांगितलं.

कॅनडातल्या अमांडा टॉड या शाळकरी मुलीला नेदरलँड्समध्ये बसलेल्या एका माणसानं असंच धमकावलं होतं, तिचे फोटो ओळखीच्यांना पाठवीन म्हणून. 10 ऑक्टोबर 2012 ला ती पंधराव्या वर्षी गेली. त्या माणसाला कॅनडातल्या कोर्टानं 2022 मध्ये दोषी धरून 13 वर्षांची शिक्षा दिली. दोन्हीकडची धमकी एकाच साच्यातली आहे, म्हणून हे सांगते. अशा माणसाला एक फोटो मिळाला की तो दुसरा मागतो. विनवणी केली की त्याला कळतं, पोरगी घाबरली आहे आणि एकटी आहे. भाचीनं फोटो पाठवला नाही. त्या रात्री सगळ्यांत शहाणपणानं तीच वागली.

11.55. उरले वीस तास.

मी धाराशिवला राहते. फोन वाजला तेव्हा झोपेतच होते. ती न्हाणीत जाऊन बोलत होती, मागे बादलीत थेंब थेंब पाणी पडत होतं. "आत्या, झोपलीस का?" एवढं म्हणून ती रडायला लागली. निम्मं कळलं, निम्मं नाही. आणि मी, तिची सख्खी आत्या, पहिला प्रश्न विचारला तो हा: "तू कुणाला फोटो दिला होतास का?"

ती गप्प झाली. मग म्हणाली, "न्हाई." त्या "न्हाई"नंतर तिचा आवाजच बदलला. पुढचे सगळे तास ती मला "हो", "बरं" एवढंच म्हणत राहिली.

मग मी सल्ला दिला. सगळं डिलीट कर, ब्लॉक कर, फोन बंद करून झोप, सकाळी बघू. तिनं अक्षरशः तसंच केलं. पुरावा होता तो तिथे गेला, माझ्या सांगण्यावरून.

करायला काय हवं होतं ते आज मला पाठ आहे. आधी त्या खात्याच्या नावासकट, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढायचे. जमलं तर दुसऱ्या मोबाइलनं त्या स्क्रीनचा व्हिडिओही घ्यायचा. आलेल्या फोनांची यादी तशीच राहू द्यायची. धमकीचे मेसेज पुसायचे नाहीत. त्यानंतर ब्लॉक. मग इन्स्टाग्रामकडे फेक अकाउंटची तक्रार. केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांत त्या वेळी होतं की कुणाचं सोंग घेतलेल्या किंवा छेडछाड केलेल्या फोटोची त्या व्यक्तीनं किंवा तिच्या वतीनं कुणी तक्रार केली, तर कंपनीनं 24 तासांत ते हटवण्यासाठी पावलं उचलायची. तिच्या वतीनं मीही करू शकत होते, धाराशिवच्या माझ्या अंथरुणावर बसून. केंद्राच्या राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे, तिथे नाव न देताही तक्रार करता येते. अठराच्या आतल्या मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइन आहे, तातडीला 112 आहे. यातलं एकही मी केलं नाही. कूस बदलली आणि झोपले.

सोमवार, पहाटे 2.15.

ती जागी होती. फोन बंद करून झोप म्हटलं होतं, पण तिनं तो पुन्हा चालू केला. न बघून राहवत नाही, हे जिच्यावर आलंय तिलाच कळेल. त्या फोटोखाली अठ्ठावीस कॉमेंट होत्या, त्यांत दोन तिच्याच वर्गातल्या पोरांच्या.

टेली-मानस म्हणून मानसिक आधारासाठी सरकारची हेल्पलाइन आहे, 14416. रात्री-अपरात्रीही कुणीतरी फोन उचलतं. मला तो नंबर त्या वेळी माहीत नव्हता.

6.20.

गावच्या ग्रुपवर फोटो पडला. टाकणाऱ्यानं वर लिहिलं होतं, "खरं आहे का बघा." एवढ्या चार शब्दांनी त्याच्या अंगावरची जबाबदारी झटकली गेली. ज्यांनी पुढे पाठवला त्यांनाही आपण काही केलं असं वाटलं नाही. ग्रुपवर दोनशेच्या वर माणसं. त्यांत तिची आजी धरून सगळं गोत.

"हे काढा, ही आपल्या गावची लेक आहे," असं एकानं लिहिलं असतं तरी पुष्कळ होतं. एकानंही लिहिलं नाही.

7.30.

मुलींसाठीची मानव विकासची एसटी. रोज ती खिडकीशी बसायची आणि शेजारची जागा मैत्रिणीसाठी धरायची. त्या दिवशी मैत्रीण मागे जाऊन बसली. मैत्रिणीच्या आईनं तसं बजावलं होतं.

11.15.

कॉलेजात एका शिक्षकांना तिनं धीर करून सांगितलं. उत्तर मिळालं, मोबाइल वापरता कशाला. त्यांच्या जागी मी असते तर काय म्हणाले असते? मी तर रात्रीच त्याहून वाईट बोलून बसले होते.

दुपारी 1.30. उरले साडेसहा तास.

माझा दादा, म्हणजे तिचा बाप, मोंढ्यात होता. त्या साली सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये आणि बाजारात भाव चार हजारांच्या आसपास घुटमळत होता. तो आधीच पडेल चेहऱ्यानं बसला होता. ओळखीचा एक जण शेजारी येऊन टेकला आणि मोबाइल पुढे करून म्हणाला, "ही आपलीच ना?"

दादानं स्क्रीनकडे पाहिलं. काट्याची पावती खिशात घातली आणि गाडीला किक मारली. माल तिथेच राहिला.

4.00.

ओसरीत चुलते, मामा, शेजारी. भाची आतल्या खोलीत. वहिनी चहा करून करून थकली. पोलिसांत जावं असं वहिनी एकदाच म्हणाली. "पोलिसांत गेलं की गाव बघतंय," असं सांगून तिला गप्प केलं. गावानं सकाळीच बघितलं होतं, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

एक नातेवाईक कायद्यातलं कळतं असं समजणारे. ते म्हणाले, इंटरनेटचा तो कायदाच कोर्टानं रद्द केलाय. हा गैरसमज मी नंतरही अनेकांच्या तोंडून ऐकला, म्हणून खुलासा करते. रद्द झालं ते माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम 66-अ. नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरच्या दोन तरुणींना, एकीनं मुंबई बंद पडण्यावर फेसबुकवर पोस्ट लिहिली आणि दुसरीनं ती लाइक केली म्हणून, ज्यात अटक झाली होती ते. त्यानंतर दिल्लीच्या श्रेया सिंघलनं सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि 24 मार्च 2015 ला ते कलम गेलं. ते बोलण्याची मुस्कटदाबी करणारं कलम होतं, गेलं ते बरंच झालं. पण दुसऱ्याची ओळख चोरण्याचं 66-क आणि अश्लील मजकुराचं 67 तसंच आहे. भारतीय न्याय संहितेत पाठलागाचं कलम 78 आहे, त्यात इंटरनेटवरचा पाठलाग धरलेला आहे. आणि मुलगी अठराच्या आतली असेल तर मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा पॉक्सो कायदा आहे.

पॉक्सोबद्दलची एक गोष्ट त्या ओसरीत कुणी सांगितली असती तर कदाचित सगळंच पालटलं असतं. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, आणि तोही वर्दीत न येता, असं त्या कायद्यात लिहिलेलं आहे. दारात जीप आणि खाकी दिसेल, या एका धास्तीपायी ती माणसं बसून होती.

आपल्या देशात असा गुन्हा शाबीत होत नाही असंही नाही. फेब्रुवारी 2004 मध्ये चेन्नईत एका बाईनं तक्रार केली. लग्नाला नकार दिला म्हणून एक माणूस तिच्या नावानं इंटरनेटवर घाण मजकूर आणि तिचा फोन नंबर टाकत होता. चेन्नई पोलिसांनी त्याला मुंबईत येऊन पकडलं आणि त्याच वर्षी 5 नोव्हेंबरला त्याला शिक्षा झाली. त्यात सायबर कॅफेवाल्यांची साक्ष कामी आली. वीस वर्षांपूर्वी, कॅफेच्या जमान्यात हे झालं.

6.40.

वहिनीचा फोन आल्यावर मी निघाले. येरमाळ्याला गाडी बदलायची होती, कळंबची एसटी लवकर मिळाली नाही. फाट्यावर उभी राहून भाचीला फोन लावत होते. लागत नव्हता. मला वाटलं, तिनं ब्लॉक केलंय मला.

8.10.

दादानं फोन मागितला. तिनं दिला. त्यानं तो पाट्यावर ठेवला आणि वरवंटा घातला. एकदाच. तिनं आवाज केला नाही. दादा मग तिथेच भिंतीला टेकून बसला आणि लहान पोरासारखा रडला, हे वहिनीनं सांगितलं. मी पोचले तेव्हा वहिनी केरसुणीनं काचा गोळा करत होती आणि भाची तिला सुपली धरून देत होती. पाट्यावर हिरव्या मिरचीच्या वाटणाचा वास होता आणि मधोमध एक पांढरा ओरखडा.

"उद्यापासून कॉलेज बंद," दादा म्हणाला. ते तेविसाव्या तासाला.

ते फेक अकाउंट त्यानंतरही चार दिवस चालू होतं. पाचव्या दिवशी मी तक्रार केली आणि ते गेलं. पोलिसांत कुणी गेलं नाही. दाखवायला आमच्याकडे काही उरलंही नव्हतं, आणि उरलं असतं तरी गेलो असतो का, याचं उत्तर मला छातीठोकपणे देता येत नाही. करणारा कोण ते आजवर कळलेलं नाही. तो आजही उजळ माथ्यानं फिरत असेल.

11 फेब्रुवारी 2025 ला लातूर बोर्डाचा बारावीचा पहिला पेपर झाला, ती घरी होती. एप्रिलमध्ये तिला अठरा पूर्ण झाली, मे महिन्यात लग्न. वकिलाला विचारलं तर सगळं कायद्यात बसलेलं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या मुलींपैकी जवळपास 22 टक्के मुलींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. माझी भाची त्या आकड्यात येणार नाही. ती महिनाभरानं सुटली.

वाचणाऱ्या आत्या, मावश्या, मामा, सर, मॅडम यांना माझी हात जोडून विनंती आहे. रात्री बारा वाजता असा फोन आला तर तिनं काय केलं हे विचारू नका. "मी आहे, काही पुसू नकोस, मला सगळं पाठव," एवढं म्हणा आणि उठून बसा. त्या रात्री माझ्याकडे वीस तास होते.

भाचीनं सासरहून, बारावीला बाहेरून बसण्यासाठी, 17 नंबरचा फॉर्म भरला आहे. पुस्तकं मी पाठवली. फोन तिनं अजून घेतलेला नाही.